स्पिटफायर एबी ९१० : सेवाकाळ आणि जमिनीवरचे अपघात (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांविषयी लिहिताना एबी ९१० या स्पिटफायर जातीच्या ब्रिटिश लढाऊ विमानाचा उल्लेख एकदा आला आणि तेव्हापासून त्याच्याविषयी सतत विचारणा होते. बहुतेकांना त्याच्या शेपटीवर बसून आकाशात गेलेल्या स्त्री मेकॅनिकची गोष्ट खरी आहे का, एवढेच जाणून घ्यायचे असते. ती खरी आहे. मात्र ती घटना त्या विमानाच्या दीर्घ आयुष्यातली एका दिवसाची आहे, म्हणून आधी आयुष्य आणि मग तो दिवस, अशा क्रमाने प्रश्न मांडले आहेत. ज्यांना धीर नाही त्यांनी थेट प्रश्न ६ वर जावे.

१. एबी ९१० हे विमानाचे नाव आहे की क्रमांक?

तो ब्रिटिश हवाई दलाने दिलेला अनुक्रमांक आहे. कारखान्यातून बाहेर पडताना प्रत्येक विमानाला असा क्रमांक मिळत असे आणि विमान कितीही स्क्वाड्रनांतून (हवाई दलाच्या तुकड्यांतून) फिरले तरी तो बदलत नसे. बदलत ती बाजूवर रंगवलेली मोठी अक्षरे. ती स्क्वाड्रनची आणि त्या स्क्वाड्रनमधल्या विशिष्ट विमानाची खूण असत. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे होणारा एक नेहमीचा गोंधळ प्रश्न १५ मध्ये घेतला आहे.

एबी ९१० हे १९४१ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या कॅसल ब्रॉमिच येथील कारखान्यात तयार झाले. एकूण २० हजारांहून अधिक स्पिटफायर बांधली गेली, त्यांपैकी ११ हजारांहून अधिक याच एका कारखान्यातली होती.

२. ते कोणत्या प्रकारचे स्पिटफायर आहे?

मार्क फाइव्ह बी. रोल्स-रॉइस मर्लिन इंजिन, पंखांत २० मिलिमीटरच्या दोन तोफा आणि चार मशीनगन, पंखांची लांबी सुमारे ११.२ मीटर, नाकापासून शेपटीपर्यंत सुमारे ९.१ मीटर, उड्डाणाच्या वेळचे वजन तीन हजार किलोंच्या थोडे आत. पुढच्या काही उत्तरांत हे आकडे उपयोगी पडतील. मार्क फाइव्ह हा सर्वांत जास्त संख्येने बनलेला प्रकार, पण १९४१ च्या शरद ऋतूत जर्मनांचे फोक-वुल्फ १९० हे नवे लढाऊ विमान समोर आले आणि तो एकाएकी मागे पडला. एबी ९१० लढाईत उतरले ते नेमके याच काळात.

३. लढाईत ते कुठे कुठे होते?

ऑगस्ट १९४१ मध्ये ते नॉर्थ वील्ड येथील २२२ (नाताल) स्क्वाड्रनकडे देण्यात आले. तिथे ते फार टिकले नाही. थोड्याच दिवसांत अपघातात त्याचे नुकसान झाले आणि दुरुस्तीनंतर ते कॉर्नवॉलमधल्या १३० स्क्वाड्रनकडे गेले. तिथे त्याने जहाजांच्या ताफ्यांवर पहारा दिला आणि डिसेंबर १९४१ मध्ये फ्रान्समधल्या ब्रेस्ट बंदरात उभ्या असलेल्या ‘शार्नहॉर्स्ट’ आणि ‘ग्नायझेनाउ’ या जर्मन युद्धनौकांवर दिवसाढवळ्या हल्ला करायला निघालेल्या बाँबफेकी विमानांना संरक्षण दिले.

जून १९४२ मध्ये ते बिगिन हिल येथील १३३ (ईगल) स्क्वाड्रनकडे आले. अमेरिका युद्धात उतरण्याआधीच ब्रिटिश हवाई दलात दाखल झालेल्या अमेरिकन स्वयंसेवकांच्या तीन स्क्वाड्रनांपैकी ही एक. १९ ऑगस्ट १९४२ रोजी दिएप बंदरावर मित्रराष्ट्रांनी जो हल्ला केला, त्या एका दिवसात एबी ९१० चार वेळा उडाले आणि त्यांपैकी एका उड्डाणात ‘डिक्सी’ अलेक्झांडर या वैमानिकाने डॉर्निअर २१७ हे एक जर्मन बाँबफेकी विमान पाडले. एका दिवसात चार वेळा म्हणजे प्रत्येक वेळी उतरायचे, इंधन आणि दारूगोळा भरायचा, गोळ्यांची भोके तपासायची आणि पुन्हा निघायचे. त्या दिवशी वैमानिकांइतकाच जमिनीवरच्या मेकॅनिकांचाही कस लागला.

सप्टेंबर १९४२ मध्ये ते २४२ स्क्वाड्रनकडे आणि तिथून पुढे ४१६ व ४०२ या कॅनडाच्या स्क्वाड्रनांकडे गेले. ६ जून १९४४ रोजी, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरत असताना, ते ४०२ स्क्वाड्रनकडून किनाऱ्यावर पहारा देत होते. तोवर मार्क फाइव्ह हा जुना झाला होता, पण कमी उंचीवरच्या पहाऱ्यासाठी तो अजून चालण्यासारखा होता. जुलै १९४४ मध्ये त्याचे आघाडीवरचे काम संपले. एकूण १४३ लढाऊ उड्डाणे त्याच्या नावावर आहेत.

४. १४३ वेळा जाऊन ते परत कसे आले? नशीब म्हणायचे का?

काही प्रमाणात म्हणावेच लागते. दिएपच्या त्या एका दिवसात ब्रिटिश हवाई दलाने शंभरच्या आसपास विमाने गमावली. पण मला त्याहून अधिक विचारात पाडणारी तारीख २६ सप्टेंबर १९४२ आहे. १३३ स्क्वाड्रनला नवी मार्क नाइन विमाने मिळाली, जुनी मार्क फाइव्ह दुसरीकडे गेली आणि त्यांच्याबरोबर एबी ९१० ही. त्यानंतर काही दिवसांतच ब्रिटनीमधल्या मॉर्ले येथे निघालेल्या मोहिमेत दाट ढग आणि अपेक्षेपेक्षा फार जोराचा वारा यांमुळे स्क्वाड्रनची दिशा पूर्ण चुकली. निघालेल्या १२ नव्या विमानांपैकी ११ फ्रान्सच्या बाजूला नष्ट झाली आणि उरलेले एक इंग्लंडच्या किनाऱ्यावर कसेबसे आदळत उतरले. त्या स्क्वाड्रनमधले जुने, मागे पडलेले विमान वाचले, कारण ते जुने होते म्हणून आधीच बाजूला काढले गेले होते.

५. आघाडीवरून काढल्यावर ते प्रशिक्षणाला का दिले? मोडीत का काढले नाही?

ही त्या काळची नेहमीची वाट होती. आघाडीसाठी जुने झालेले विमान नव्या वैमानिकाला शिकवायला पुरेसे असे. नवे वैमानिक प्राथमिक शिक्षणानंतर ज्या केंद्रांत प्रत्यक्ष लढाऊ विमान हाताळायला शिकत, त्यांना ऑपरेशनल ट्रेनिंग युनिट म्हणत. एबी ९१० अशा ५३ क्रमांकाच्या युनिटमध्ये गेले. त्याचे मुख्य ठाणे लिंकनशायरमधले कर्टन-इन-लिंडसी आणि जोडठाणे जवळचे हिबाल्डस्टो.

शिकाऊ हातात विमान देणे म्हणजे ते सुरक्षित जागी ठेवणे, असे कुणी समजू नये. आघाडीवरून धडधाकट परतलेली कितीतरी विमाने अशा केंद्रांत मोडली. बहुतेकांची मोडतोड उतरताना किंवा जमिनीवर चालवताना झाली.

६. शेपटीवर माणूस बसवायचा म्हणजे काय? असे कुणी मुद्दाम करत असे का?

होय, आणि तो रोजच्या कामाचा भाग होता. ज्यांना ही प्रथा माहीत नसते त्यांना पुढची सारी हकिकत थापेसारखी वाटते.

जमिनीवर असताना स्पिटफायरची दोन मोठी चाके पुढे आणि एक लहान चाक शेपटीखाली असते. जड इंजिन नाकात असल्यामुळे विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या अगदी थोडा मागे येतो. ब्रेक जरा जोरात लागला, मागून वाऱ्याचा झोत आला किंवा इंजिनला एकदम जोर दिला की शेपूट वर उचलते आणि विमान नाकावर पडते. प्रोपेलर जमिनीत घुसतो, इंजिनच्या दंडाला धक्का बसतो आणि हजारो तासांच्या मेहनतीचे यंत्र एका क्षणात दुरुस्तीला जाते. शिवाय स्पिटफायरची मुख्य चाके एकमेकांपासून अवघी पावणेदोन मीटर दूर असतात, कारण ती पंखाच्या मुळाशी जोडलेली असून बाहेरच्या बाजूला मिटतात. एवढ्या अरुंद पायावर उभे असलेले विमान आडव्या वाऱ्यात डुलणारच.

म्हणून वारा असेल तेव्हा जमिनीवरच्या पथकातले एक किंवा दोघे जण शेपटीच्या आडव्या पंखावर बसत आणि आपल्या वजनाने ती दाबून धरत. विमान धावपट्टीच्या टोकाशी पोहोचले, वैमानिकाने ते वाऱ्याच्या तोंडाला वळवून थांबवले, की ते उतरून बाजूला होत आणि मग वैमानिक निघे. लिंकनशायर हा सपाट, उघडा आणि उत्तर समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याचा प्रदेश असल्यामुळे हिबाल्डस्टोला हे काम हिवाळाभर चाले.

सगळी भिस्त त्या मधल्या थांबण्यावर होती.

७. फेब्रुवारी १९४५ मध्ये नेमके काय घडले?

मार्गारेट हॉर्टन या विमेन्स ऑग्झिलरी एअर फोर्सच्या सदस्य होत्या आणि हिबाल्डस्टोला विमानांच्या देखभालीचे काम करत होत्या. हे दल जून १९३९ मध्ये स्थापन झाले आणि १९४३ मध्ये त्यातील स्त्रियांची संख्या १ लाख ८० हजारांच्या वर गेली. सुरुवातीला स्वयंपाक, कारकुनी आणि वाहने चालवणे एवढ्यावर असलेले त्यांचे काम तोवर इंजिन आणि सांगाड्याच्या देखभालीपर्यंत पोहोचले होते. त्या दिवशी वारा जोराचा होता, म्हणून हॉर्टन नेहमीप्रमाणे एबी ९१० च्या शेपटीवर बसल्या. विमान चालवणारे फ्लाइट लेफ्टनंट नील कॉक्स हे नवशिके मुळीच नव्हते. लढाईतल्या कामगिरीबद्दल पदक मिळवलेले ते अनुभवी वैमानिक होते. टोकाशी आल्यावर शेपटीवरच्या व्यक्तीला उतरायला वेळ द्यायचा, तो मात्र दिला गेला नाही. विमान धावू लागले आणि हॉर्टन शेपटीवर असतानाच हवेत उठले.

जमिनीवरच्या लोकांनी हे पाहिले आणि नियंत्रण कक्षापर्यंत बातमी पोहोचवली. कॉक्स यांनी तळाभोवती एक फेरी घातली आणि विमान खाली आणले. हॉर्टन तोवर शेपटीला घट्ट धरून होत्या आणि विमान धावपट्टीवर थांबले तेव्हा त्या सुखरूप होत्या. नियंत्रण कक्षाने वैमानिकाला फक्त परत उतरण्याचा आदेश दिला आणि कारण मुद्दाम सांगितले नाही, असे या घटनेच्या कथनांत येते. मला ते शहाणपणाचे वाटते. हातात विमानाच्या नियंत्रणाची काठी असलेल्या माणसाला ‘तुझ्या शेपटीवर एक बाई आहे’ हे सांगून त्याचा हात स्थिर राहण्याची शक्यता वाढली नसती.

८. वैमानिकाला कळले कसे नाही? आरसा नव्हता का?

स्पिटफायरला काचेच्या वर एक छोटा आरसा असतो. तो मागून येणाऱ्या शत्रूसाठी असतो आणि जमिनीवर चालताना वैमानिकाचे सारे लक्ष पुढे असते, त्याचे कारण प्रश्न १३ मध्ये आहे. इंजिनच्या आवाजात हाक ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. पण विमानाने मात्र त्यांना सांगितले होते: शेपूट जड आहे, विमान नाक वर उचलू पाहते आहे, हे त्यांना हातातल्या काठीवर जाणवले. शेपटीवर माणूस आहे, हा त्याचा सर्वांत साधा अर्थ मात्र कुठल्याही शहाण्या वैमानिकाच्या मनात आला नसता.

९. शेपटीवर माणूस असताना विमान उडणे शक्य तरी आहे का? भौतिकशास्त्राचा विद्यार्थी म्हणून शंका येते.

शंका रास्त आहे, म्हणून ढोबळ हिशेब करून पाहू. बसलेल्या व्यक्तीचे वजन ५५ किलो धरू आणि विमानाचे २,९०० किलो. शेपटीचा आडवा पंख गुरुत्वमध्यापासून साधारण पाच मीटर मागे आहे. ५५ गुणिले ५ म्हणजे २७५. त्याला एकूण २,९५५ ने भागले की गुरुत्वमध्य सुमारे ९ सेंटिमीटर, म्हणजे साडेतीन इंच, मागे सरकतो.

साडेतीन इंच ऐकायला किरकोळ वाटतात. पण स्पिटफायरच्या पंखाची पुढून मागेपर्यंतची सरासरी रुंदी दोन मीटरच्या आसपास आहे आणि गुरुत्वमध्य मागेपुढे सरकण्याची परवानगी काही इंचांचीच असते. मार्क फाइव्ह तर या बाबतीत बदनाम होता. नवनवी उपकरणे बसवता बसवता त्याचा गुरुत्वमध्य मागे जात राहिला आणि काही विमाने जोराच्या वळणात हवेतच मोडली. चाचणी वैमानिक जेफ्री क्विल यांनी या अपघातांचा छडा लावला आणि १९४२ मध्ये उंची-नियंत्रणाच्या दांड्याला एक भार जोडण्यात आला, ज्यामुळे जोराच्या वळणात काठी आपोआप मागे खेचली जाण्याऐवजी थोडी पुढे ढकलली जाई. हेच क्विल पुढे एबी ९१० च्या आयुष्यात पुन्हा येतात, ते प्रश्न १२ मध्ये पाहा.

तेव्हा विमान उडणे शक्य होते, आणि उडाले. पण ते अस्थिरतेच्या काठावर होते. कॉक्स यांनी अचानक तीव्र वळण घेतले असते तर गोष्ट वेगळी झाली असती. प्रशिक्षण केंद्रातले साधे, सावकाश उड्डाण असल्यामुळे तसे झाले नाही.

१०. त्या पडल्या कशा नाहीत? आणि नंतर त्यांना शिक्षा झाली का?

उतरण्यासाठी जमिनीकडे येत असतानाही स्पिटफायरचा वेग ताशी ८५ ते ९० मैल असतो. एवढ्या वाऱ्यात बसून राहणे अशक्य आहे. हॉर्टन विमानाच्या मागच्या अंगावर आडव्या झाल्या होत्या आणि उभ्या पंखाचा आधार त्यांच्या मागे होता. जो वारा त्यांना उडवून देऊ शकत होता त्यानेच त्यांना उभ्या पंखावर दाबून ठेवले. दुसरी गोष्ट अशी की शेपटीच्या आडव्या पंखाचा मागचा भाग हलता असतो आणि वैमानिक त्यानेच विमान वर-खाली करतो. हाताची पकड त्या हलत्या भागात अडकली असती तर दोघांचाही शेवट झाला असता.

शिक्षेविषयीची गोष्ट अशी प्रसिद्ध आहे की या प्रवासात हरवलेल्या टोपीचे पैसे त्यांच्याकडून वसूल करण्यात आले. ती इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिला आता विनोदाचे रूप आले आहे. पण ज्यांनी सरकारी भांडाराचा कारभार जवळून पाहिला आहे त्यांना त्यात अशक्य असे काही वाटणार नाही.

११. याला अधिकृत अर्थाने अपघात म्हणता येईल का?

वाचकांशी माझे सर्वांत जास्त वाद या प्रश्नावर झाले आहेत. हवाई दलाची अपघातांची वर्गवारी माणसाला काय झाले यावर आधारलेली नव्हती, ती यंत्राला काय झाले यावर होती. युद्धाच्या उत्तरार्धात वापरात असलेल्या पद्धतीत ‘ए’ म्हणजे युनिटलाच जागेवर दुरुस्त करता येईल असे नुकसान, ‘एसी’ म्हणजे जागेवर पण बाहेरून पथक बोलावून, ‘बी’ म्हणजे कारखान्यात किंवा दुरुस्ती आगारात न्यावे लागेल असे, ‘सी’ म्हणजे फक्त जमिनीवर शिकवण्यासाठी उपयोगी आणि ‘ई’ म्हणजे कायमचे बाद. नुकसान न झालेल्यासाठी ‘यू’ होते.

या हिशेबात २२२ स्क्वाड्रनमधला १९४१ चा प्रसंग अपघात ठरतो आणि हॉर्टन यांचा प्रसंग ठरत नाही, कारण विमानाला ओरखडाही आला नव्हता. सामान्य माणसाच्या भाषेत मात्र तो जमिनीवरच सुरू झालेला अपघात आहे: न थांबणे, न पाहणे, गृहीत धरणे. मी दुसऱ्या बाजूचा आहे, पण शीर्षकातल्या ‘जमिनीवरचे अपघात’ या शब्दांत ज्यांना फक्त मोडतोड अपेक्षित आहे त्यांनी प्रश्न १३ वाचावा.

१२. युद्धानंतर ते खासगी मालकीचे होते असे वाचले. लढाऊ विमान विकत घेता येत होते?

येत होते आणि स्वस्तात येत होते. जेट विमाने आल्यावर शेकडो स्पिटफायर भंगाराच्या भावात गेली. आज हवेत उडणारे पी ७३५० हे स्पिटफायर, ज्याने १९४० च्या ब्रिटनच्या लढाईत भाग घेतला होता, ते १९४८ मध्ये दहा पौंडांना भंगारवाल्याकडे गेले होते. खरेदी करणाऱ्यांना त्याचे मोल कळले म्हणून ते वाचले.

एबी ९१० हे ॲलन व्हीलर या हवाई दलाच्या अधिकाऱ्याने १९४७ मध्ये घेतले. त्याच्यावर नागरी नोंदणीची अक्षरे चढली आणि ते हवाई शर्यतींत उतरले. १९५३ मधल्या एका शर्यतीत ते जोरात आदळत उतरले, तेव्हा त्याची दुरुस्ती व्हिकर्स-आर्मस्ट्राँग कंपनीने केली. पुढे अनेक वर्षे जेफ्री क्विल ते प्रदर्शनांत उडवत. १९६५ मध्ये ब्रिटनच्या लढाईचा स्मृतिदिन असलेल्या १५ सप्टेंबरला ते हवाई दलाच्या ऐतिहासिक विमानांच्या तुकडीला देण्यात आले. बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइट या नावाने ओळखली जाणारी ही तुकडी १९५७ मध्ये सुरू झाली आणि १९७६ पासून लिंकनशायरमधल्या कॉनिंग्सबी तळावर आहे. म्हणजे हिंडून फिरून ते विमान हिबाल्डस्टोच्याच जिल्ह्यात परत आले.

१३. स्वित्झर्लंडमध्ये त्याला दुसरे विमान येऊन धडकले, हे खरे का? उभ्या विमानांची टक्कर होते कशी?

खरे आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वित्झर्लंडमधल्या बे या गावच्या विमान-प्रदर्शनात (नकाशावर त्याचे स्पेलिंग पाहून ‘बेक्स’ असे वाचू नये) एबी ९१० जमिनीवर असताना एक हार्वर्ड विमान त्याला धडकले. फोक-वुल्फ, दिएप आणि नॉर्मंडी यांतून सुटलेल्या या विमानाला शांततेच्या काळात, प्रेक्षकांसमोर, एका प्रशिक्षण विमानाने जबर जखमी केले. मोठ्या दुरुस्तीनंतर १९८० च्या दशकाच्या आरंभी ते पुन्हा उडाले.

अशी टक्कर का होते, ते कॉकपिटमध्ये बसल्याशिवाय कळत नाही. शेपटीचे चाक जमिनीवर असताना नाक वर असते आणि वैमानिकाला समोर इंजिनच्या झाकणाखेरीज काही दिसत नाही. म्हणून तो सरळ जात नाही. डावीकडे वळून उजव्या बाजूने पाहतो, उजवीकडे वळून डाव्या बाजूने पाहतो आणि नागमोडी पुढे सरकतो. त्यात घाई करण्याचे एक सबळ कारण असते. मार्क फाइव्हचे पाणी थंड करणारे रेडिएटर उजव्या पंखाखाली असते, खाली सोडलेला चाकाचा पाय त्याच्याकडे जाणारी हवा अडवतो, आणि जमिनीवर फार वेळ इंजिन चालू राहिले तर पाणी उकळू लागते. एक डोळा तापमानाच्या काट्यावर आणि दुसरा बाजूच्या गवतावर, अशा अवस्थेत शेजारचे विमान नजरेतून निसटायला फार काही लागत नाही. हार्वर्डही शेपटीवर टेकणारेच विमान असल्याने त्याच्या नाकाचीही तीच गत होते. वर उल्लेख केलेल्या पी ७३५० लाही १९४४ मध्ये, एका प्रशिक्षण केंद्रात, जमिनीवर चालणारे दुसरे स्पिटफायर धडकले होते.

एबी ९१० च्या आयुष्याचा हिशेब मांडला तर त्याचे जबर नुकसान केले ते जमिनीने. त्याविषयी कमी लिहिले जाते, कारण जमिनीवरच्या टकरीत शौर्य नसते.

१४. इतक्या दुरुस्त्यांनंतर हे तेच विमान आहे असे म्हणता येईल का?

ज्यांना आजोबांच्या कुऱ्हाडीचा दांडा आणि पाते दोन्ही बदलल्याची गोष्ट आठवते ते हे हमखास विचारतात. विमानाच्या बाबतीत ओळख क्रमांकाबरोबर आणि सलग नोंदींबरोबर चालते. इंजिने, पंख, चाके हे युद्धातही बदलले जाणारे भागच होते. कुठलेही स्पिटफायर एका इंजिनवर आयुष्य काढत नसे. एबी ९१० चे वैशिष्ट्य असे की ते मातीतून उकरून काढलेल्या चार तुकड्यांभोवती नव्याने बांधलेले नाही. एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेले तरी ते कायम संपूर्ण विमान म्हणूनच अस्तित्वात होते. माझ्या दृष्टीने एवढे पुरे आहे.

१५. माझ्याकडच्या छायाचित्रात त्यावर ‘आरएफ-डी’ अशी अक्षरे आणि डोनाल्ड डकचे चित्र आहे. म्हणजे ते पोलिश स्क्वाड्रनमध्येही होते का?

नाही. ‘आरएफ’ ही ३०३ या पोलिश स्क्वाड्रनची खूण आणि ते बदकाचे चित्र यान झुम्बाख या प्रसिद्ध वैमानिकाच्या विमानावर असे. स्मृती-तुकडी दर काही वर्षांनी मोठ्या देखभालीच्या वेळी विमानांचे रंग बदलते आणि वेगवेगळ्या वैमानिकांच्या स्मरणार्थ त्यांच्या विमानांची अक्षरे चढवते. एबी ९१० ने झुम्बाख यांचा वेश काही काळ घातला, एवढेच. बाजूवरच्या मोठ्या अक्षरांवर विश्वास न ठेवता शेपटीजवळच्या लहान क्रमांकाकडे पाहावे.

१६. या विमानाचा भारताशी किंवा मुंबईशी काही संबंध आहे का?

या एका विमानाचा नाही, आणि तो ओढूनताणून जोडू नये. स्पिटफायरचा मात्र आहे. ब्रिटिश हवाई दलाची १३२ क्रमांकाची स्क्वाड्रन ‘सिटी ऑफ बॉम्बे’ या नावाची होती. ती १९४१ मध्ये पुन्हा उभी राहिली, स्पिटफायर उडवत होती आणि युद्धाच्या अखेरच्या टप्प्यात तत्कालीन सिलोनमध्ये आली. भारतीय हवाई दलानेही स्पिटफायर वापरली आणि १९४७ मध्ये काश्मीरमध्ये ती श्रीनगरहून उडाली. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात स्पिटफायर पाहायला मिळते. तिथे गेलात तर शेपटीच्या आडव्या पंखाची उंची आणि रुंदी नीट पाहून घ्या. प्रश्न १० मधले चित्र मग डोळ्यांसमोर उभे राहते.

१७. माझ्याकडे दुसऱ्या एका विमानाचा क्रमांक आहे. त्याचा इतिहास कसा शोधावा?

ब्रिटिश हवाई दलाच्या विमानांसाठी तीन प्रकारचे कागद एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. ‘फॉर्म ७८’ हे विमानाच्या हालचालींचे कार्ड: कोणत्या तारखेला कोणत्या युनिटकडे गेले, कधी दुरुस्तीला गेले. ‘फॉर्म ११८०’ हे अपघाताचे कार्ड, त्यात घटनेचे थोडक्यात वर्णन आणि कारण असते. ‘फॉर्म ५४०’ ही स्क्वाड्रनची रोजनिशी. तिच्याबरोबरच्या तक्त्यांत कोणत्या दिवशी कोणता वैमानिक कोणते विमान घेऊन गेला ते सापडते. रोजनिशा लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि विमानांची कार्डे हवाई दलाच्या हेंडन येथील संग्रहालयाच्या ताब्यात आहेत.

दोन सावधगिऱ्या. हालचालींच्या कार्डावरची तारीख बहुधा कागद हलल्याची असते आणि विमान प्रत्यक्षात काही दिवस आधी किंवा नंतर पोहोचलेले असू शकते. तेव्हा दोन नोंदींत चार-पाच दिवसांचा फरक दिसला म्हणून लगेच कुणाला खोटे ठरवू नये. आणि अपघाताच्या कार्डावर काही सापडले नाही म्हणून काहीच घडले नाही, असे मानू नये. कारण प्रश्न ११ मध्ये आहे.